स्वर्गाची हुंडी आणि मार्टिन ल्यूथर

व्यापारी मनुष्यास हुंडीचें मर्म समजावून सांगावें लागत नाहीं. कागदाची किंमत कागदांत नसते, ती लिहिणाराच्या पतींत असते. आणि ज्या पेढीवर हुंडी लिहिली त्या पेढीनें ती सकारली नाहीं, तर तो कागद चूल पेटविण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा नाहीं, हें पेढीवर नुकत्याच बसूं लागलेल्या पोरासही ठाऊक असतें. परंतु युरोपखंडांत असा एक काळ होऊन गेला कीं, तेव्हां चांगले शहाणेसुरते लोक परलोकावर लिहिलेल्या हुंड्या रोख पैसे मोजून घेत असत, आणि ज्या धन्याच्या नांवावर हुंडी लिहिली त्यानें ती सकारण्याचें कधीं कबूल केलें होतें काय, हा प्रश्न विचारणें धोक्याचें होतें. बोहीमियांतील यान हुस यानें या व्यापाराविरुद्ध तोंड उघडलें. पुढें १४१५ सालीं पाखंडी ठरून तो जिवंत जाळला गेला. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं एका खाणवाल्याच्या मुलानें तोच प्रश्न पुन्हां काढला, आणि या वेळीं तो दडपणें कोणास साधलें नाहीं. त्या मार्टिन ल्यूथरचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

परधर्मांतील तारणाच्या वादाशीं आम्हांस काय कर्तव्य आहे, असें कोणी म्हणतील. त्यांस आम्ही एवढेंच स्मरण देतों कीं, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत महाराष्ट्रांतील साधुसंतांच्या कामगिरीची तुलना युरोपांतील याच धर्मसुधारणेशीं केली आहे. ज्ञानोबा-तुकोबांस ज्या तराजूंत घातलें, त्याच्या दुसऱ्या पारड्यांत काय होतें हें पाहून ठेवण्यास हरकत नसावी.

ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आइस्लेबेन या गांवीं झाला. बाप हान्स हा शेतकऱ्याच्या कुळांतला; मान्सफेल्ड येथें तांब्याच्या खाणींत कष्ट करून व पुढें भट्ट्या खंडानें घेऊन तो चार पैसे बाळगून राहिला होता. अशा बापाचा हिशेब सर्व देशांत एकच असतो. मुलानें कायदा शिकावा, दरबारीं मान मिळवावा, चांगल्या घरची मुलगी करावी आणि म्हातारपणीं आईबापांस सांभाळावें. मुलगा हुशार होता. एर्फुर्टच्या विद्यापीठांत १५०१ सालीं दाखल होऊन १५०५ सालीं तो एम. ए. झाला व कायद्याच्या अभ्यासास लागला. त्याच वर्षीं २ जुलै रोजीं घराहून परत येत असतां स्टोटर्नहाइम गांवाजवळ त्यास वादळानें गांठलें व अगदीं जवळ वीज पडली. भयानें गांगरलेल्या त्या तरुणानें खाणवाल्यांची कैवारी जी संत अन्ना तिचा धांवा केला, आणि वांचलों तर संन्यास घेईन असा नवस केला. पंधरा दिवसांनीं तो ऑगस्टिनच्या पंथाच्या मठांत शिरला. बाप कमालीचा संतापला. १५०७ सालीं मुलगा धर्मगुरु होऊन त्याच्या हातून पहिला मिस्सा व्हावयाचा होता, तेव्हां बाप आला खरा. परंतु ती वीज देवाचीच कशावरून, सैतानाचा खेळ कशावरून नसेल, असें त्यानें भर पंगतींत विचारलें. हा प्रश्न मुलाच्या मनांत पुढें कित्येक वर्षें सलत राहिला.

वीज हें निमित्त होतें. खरें भय मरणाचें होतें, आणि मरणाहून अधिक मरणानंतरच्या न्यायाचें. येथें आमच्या वाचकांनीं एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडे मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका. या जन्मीं नाहीं साधलें तर पुढल्या जन्मीं साधेल, एवढा तरी दिलासा असतो. ख्रिस्ती मताप्रमाणें फेरा नाहीं. जन्म एक, मरण एक आणि त्यामागें न्याय. जें कांहीं व्हावयाचें तें याच एका आयुष्यांत. त्या काळचे धर्मपंडित सांगत कीं, मनुष्यानें आपल्या हातून होईल तेवढें करावें, म्हणजे उरलेलें देव आपल्या कृपेनें भरून काढील. ऐकण्यास हें किती गोड! परंतु आपल्या हातून होण्याजोगें सर्व झालें कीं नाहीं, हें ठरविणार कोण? ल्यूथरनें उपास केले, जागरणें केलीं, कडाक्याच्या थंडींत पांघरुणावांचून रात्री काढल्या. एकेका वेळीं सहा सहा तास तो आपल्या पापांची कबुली देत बसे आणि उठून दाराबाहेर गेला कीं विसरलेलें पाप आठवून परत येई. मठाधिकारी स्टाउपिट्झ हा दयाळू व समंजस गृहस्थ. तोही अखेर कंटाळला. जमाखर्चाचा मेळ एका पैनें चुकला असतां प्रामाणिक कारकुनास रात्रभर झोंप येत नाहीं. येथें तर खात्याच्या दुसऱ्या बाजूस देव उभा होता. वाईट मनुष्यास हें दुःख होत नाहीं. चांगल्या मनुष्यासच होतें, आणि तो जितका चांगला तितकें अधिक होतें, ही त्या शिकवणींतली खरी मेख होती.

१५१० च्या अखेरीस मठाच्या कामाकरितां तो रोमास गेला. तेथें ख्रिस्त ज्या पायऱ्या चढला असें मानीत त्या पवित्र जिन्यावर गुडघ्यांनीं चढून, पायरीपायरीस प्रार्थना म्हटली असतां मृत नातलगाचा आत्मा सुटतो, अशी समजूत होती. ल्यूथरनें आपल्या आजोबाच्या नांवें तें सर्व यथासांग केलें. वर पोंचतांच हें सर्व खरें कशावरून, अशी शंका त्याच्या मनास चाटून गेली. पुढें म्हातारपणीं त्यानें ही हकीगत प्रवचनांत सांगितली आहे. यांत हंसण्याजोगें कांहीं नाहीं. त्याच्या मनांत आजोबाबद्दल प्रेम होतें, आणि त्या प्रेमाचेंच भांडवल करून तो सर्व व्यवहार चालला होता.

१५१२ सालीं तो विटेनबर्ग येथें धर्मशास्त्राचा आचार्य झाला, आणि शिकवितां शिकवितां त्यास जें मठांत सांपडलें नव्हतें तें सांपडलें. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत देवाच्या नीतिमत्त्वाचा उल्लेख आहे. ज्या नीतिमत्त्वानें देव पाप्यास शासन करितो तें, असा त्याचा अर्थ ल्यूथर लहानपणापासून समजत आला होता, व त्या शब्दाचा त्यास तिटकारा आला होता. मागचापुढचा संदर्भ रात्रंदिवस घोळतां घोळतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, येथें देव ज्यानें न्याय करितो तें नीतिमत्त्व अभिप्रेत नसून देव जें मनुष्यास फुकट देतो तें आहे. ख्रिस्तानें आपल्या मरणानें ऋण फेडलें आहे. मनुष्यानें तें आपलें म्हणून विश्वासानें घ्यावयाचें. विश्वास म्हणजे अमुक एक मत खरें मानणें नव्हे. वादळांत सांपडलेला मनुष्य नावाड्यावर जीव टाकतो, तसा तो भरंवसा. तो भरंवसाही पुण्य म्हणून जमेस धरावयाचा नाहीं, कारण भिक्षेसाठीं पुढें केलेला हात ही कांहीं कमाई नव्हे.

मराठी ख्रिस्ती मंडळी यास तारण म्हणतात. पेठेंत तारण म्हणजे कर्जापोटीं गहाण ठेवलेली वस्तु. शब्दांची ही जुळणी सहज घडली असेल, परंतु आमच्या व्यापारी वाचकांस तिच्यामुळें ल्यूथरचें म्हणणें लवकर कळेल. त्याच्या मतें मनुष्याजवळ गहाण ठेवण्याजोगें कांहींच नाहीं. तारण देणारा दुसरा आहे. आणि सार्वकालिक जीवन हा शब्द ऐकून केवळ मेल्यानंतर लाभणारें न संपणारें आयुष्य समजूं नये. देवाशीं जो संबंध विश्वासानें जडतो तेंच तें जीवन. तें आजच सुरू होतें, मरणानें तुटत नाहीं, आणि शेवटच्या दिवशीं मृत मनुष्य देहासह, आपल्या नांवागांवासह उठेल तेव्हां पूर्ण होतें. यांत जीव कोठें विलीन होत नाहीं. आई आई म्हणूनच उठेल व लेंक लेंक म्हणूनच. ही श्रद्धा ज्यास पटेल त्यास पटेल; परंतु ती पटलेल्या मनुष्यास स्वर्गाचा हप्ता भरण्याची गरज उरत नाहीं, हें उघड आहे.

आतां तो बाजार पाहूं. पापाचा दोष पश्चात्ताप व कबुली यांनीं जातो, पण शिक्षा शिल्लक राहते. ती येथें न फिटली तर मेल्यावर शुद्धिस्थानांत दीर्घकाळ भोगावी लागते, असें तेव्हांचें शिक्षण होतें. संतांनीं गरजेपेक्षां अधिक पुण्य मिळविलें, त्याची शिल्लक चर्चच्या खजिन्यांत आहे, खजिन्याच्या किल्ल्या पोपच्या हातीं आहेत, सबब तो त्यांतून कोणाच्याही नांवें जमा करूं शकतो, हा क्षमापत्रांचा पाया. ब्रांडेनबुर्ग घराण्यांतील आल्ब्रेख्त या तरुण सरदारपुत्राकडे, पंचविशी उलटण्यापूर्वींच, माग्डेबुर्ग व माइन्झ अशीं दोन आर्चबिशपपदें आलीं. एवढ्या लहान वयांत आणि एकाहून अधिक पदें घेणें नियमाविरुद्ध. तेव्हां रोमास जबर रक्कम भरणें आलें. ती आउग्सबुर्गचा प्रख्यात सावकार याकोब फुग्गर याच्या पेढीनें दिली. कर्ज २९ हजार गुल्डनांचें होतें. फेडीची तजवीज अशी कीं, पोप दहावा लिओ यानें रोम येथील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामासाठीं काढलेलीं क्षमापत्रें आल्ब्रेख्तनें आपल्या मुलुखांत विकावीं. निम्मी रक्कम बांधकामास, निम्मी सावकारास. योहान टेट्झेल नांवाचा वक्ता गांवोगांव हिंडे, आणि फुग्गराचे गुमास्ते पैशाच्या पेटीवर नजर ठेवीत. दर ऐपतीप्रमाणें ठरलेले होते. राजे व आर्चबिशप यांस पंचवीस गुल्डन, खालीं उतरत उतरत निष्कांचनास केवळ उपास व प्रार्थना. मृत आईबापांच्या नांवें पत्र घ्यावयाचें तर घेणारास पश्चात्तापाचीही अट नव्हती. बांधकामाच्या वर्गणीमागें सावकाराचें देणें दडलेलें आहे, हें पैसे टाकणाऱ्या विधवेस कोण सांगणार? सार्वजनिक वर्गणीचा हिशेब मागणारास धर्मद्वेष्टा ठरविण्याची रीत केवळ जर्मनींतच होती असें नाहीं.

विटेनबर्गचा अधिपति फ्रेडरिक यानें टेट्झेलास आपल्या हद्दींत बंदी केली होती. त्याचें कारण धर्मसुधारणा नव्हतें. त्याच्या स्वतःच्या राजवाड्यांतील चर्चमध्यें संतांचे अवशेष होते, त्यांची संख्या १५२० पर्यंत १९ हजारांवर गेली, व त्यांच्या दर्शनाचें पुण्यही ठरलेल्या दरानें मिळत असे! परंतु विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून जाऊं लागले आणि पत्रें हातीं घेऊन ल्यूथरकडे येऊं लागले. आतां वागणूक सुधारण्याची गरज काय, असा त्यांचा भाव. तेव्हां ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं त्यानें आल्ब्रेख्तास पत्र लिहून सोबत वादासाठीं लॅटिनमध्यें काढलेलीं ९५ विधानें पाठविलीं. तीं चर्चच्या दारावर खिळ्यानें ठोकल्याची कथा प्रसिद्ध आहे, मात्र कित्येक इतिहासकार तिजविषयीं साशंक आहेत. त्या वेळीं ल्यूथरनें शुद्धिस्थानही नाकारलें नव्हतें. पोपास आत्मे सोडविण्याचा अधिकार असेल तर केवळ दयेनें तो सर्वांस फुकट कां सोडवीत नाहीं, आणि गरिबास दिलेलें दान क्षमापत्राहून श्रेष्ठ नव्हे काय, असे त्याचे साधे प्रश्न होते. साध्या प्रश्नांचीं उत्तरें देणेंच फार जड जातें. छापखान्यांनीं तीं विधानें थोड्याच काळांत सर्व जर्मनीभर नेलीं.

यापुढील गोष्टी सुप्रसिद्ध आहेत. १५१८ त आउग्सबुर्ग येथें पोपच्या वकिलाशीं भेट, १५१९ त लाइप्झिग येथें वाद, १५२० च्या १० डिसेंबरास पोपच्या आज्ञापत्राची होळी, ३ जानेवारी १५२१ ला बहिष्कार, आणि त्याच वर्षीं १७ व १८ एप्रिल रोजीं वोर्म्स येथें बादशहा पांचवा चार्ल्स याच्यासमोर हजेरी. ग्रंथ मागें घेतोस काय, असें विचारतां पहिल्या दिवशीं त्यानें मुदत मागितली. दुसऱ्या दिवशीं, शास्त्रानें वा स्पष्ट युक्तिवादानें चूक दाखविल्यावांचून मागें घेणार नाहीं, असें सांगितलें. परततांना फ्रेडरिकनेंच त्यास पळवून नेल्याचा देखावा करून वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपवून ठेवलें. तेथें अकरा आठवड्यांत त्यानें नव्या कराराचें मूळ ग्रीकवरून जर्मन भाषांतर केलें. सप्टेंबर १५२२ त तें छापून बाहेर पडलें, आणि संपूर्ण बायबल १५३४ सालीं. शब्द बाजारांतले, घरांतल्या आईचे व रस्त्यांतल्या पोरांचे असावे असा त्याचा कटाक्ष. जुन्या करारांतील यज्ञविधीचें भाषांतर करितांना मेंढराच्या आंतड्याकाळजाचीं खरीं नांवें कळावीं म्हणून त्यानें खाटकाकडून मेंढरें कापवून पाहिलीं. तारण जर विश्वासानें आहे, तर ज्यावर विश्वास ठेवावयाचा तें वचन लोहाराच्या बायकोस स्वतः वाचतां आलें पाहिजे, हा त्यांतला हिशेब होता. म्हणूनच १५२४ सालीं त्यानें शहरांच्या पंचांस मुलांकरितां तशाच मुलींकरितांही शाळा काढण्याविषयीं निकडीचें पत्रक लिहिलें.

श्रद्धेनेंच तारण होतें तर सत्कर्म कोण करील, हा आक्षेप तेव्हांही घेण्यांत आला. ल्यूथरचें म्हणणें असें कीं, झाड चांगलें असल्यावर फळ आपोआप येतें, पण फळें बांधून झाड चांगलें होत नाहीं. देवास तुमच्या सत्कर्माची गरज नाहीं, शेजाऱ्यास आहे. ज्यास स्वर्ग विकत घ्यावयाचा नाहीं त्याचें दान प्रथमच खऱ्या अर्थानें शेजाऱ्याकरितां होतें. गांवोगांव समाईक पेट्या निघाल्या. लाइस्निग येथील १५२३ च्या पेटीचे नियम प्रसिद्ध आहेत. तिच्यांतून अनाथ, म्हातारे व अडचणींत आलेले कारागीर यांस मदत देण्याची सोय झाली. चांभार, दूध काढणारी दासी, प्रामाणिक दुकानदार यांचा धंदा हा मठांतील जपाइतकाच देवाचा, ही शिकवण त्या काळीं केवढी नवी होती याची कल्पना करावी.

आमच्या वसई-गोव्याकडील कॅथलिक बंधूंवर अन्याय होऊं नये म्हणून येथें सांगणें अवश्य आहे कीं, क्षमापत्रांचा बाजार त्यांच्याच चर्चनें ट्रेंटच्या परिषदेंत १५६३ सालीं निषिद्ध केला, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं त्याच फुग्गराच्या आउग्सबुर्ग शहरीं रोमन कॅथलिक चर्च व ल्यूथरपंथीयांचा जागतिक संघ यांनीं मनुष्य कृपेनें, विश्वासाच्या द्वारें देवासमोर नीतिमान ठरतो या मुद्यावरील एकमतपत्रावर सह्या केल्या. पावणेपांचशें वर्षांहून अधिक काळ एवढ्यास लागला.

चरित्रकारानें दोष झांकूं नये. १५२५ सालीं जर्मन शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले, तेव्हां ल्यूथरनें प्रथम त्यांच्या कांहीं मागण्या न्याय्य म्हटल्या, परंतु दंगे होतांच सरदारांनीं त्यांस निर्दयपणें ठेंचावें असें लिहिलें. हजारों शेतकरी कापले गेले. १५४३ सालीं यहुदी लोकांविरुद्ध त्यानें जें पुस्तक लिहिलें तें त्याच्या नांवास कायमचें लांछन आहे. विसाव्या शतकांत नाझींनीं त्याचा आनंदानें उपयोग केला. हाच मनुष्य १५२३ त त्या लोकांशीं ममतेनें वागा म्हणून सांगत होता. ज्यास स्वतःस फुकट क्षमा मिळाली असें वाटत होतें, त्यास ती दुसऱ्यास देतां आली नाहीं, याचा खेद आम्हांस वाटतो, आणि त्याच्या अनुयायांनींही पुढें तो जाहीरपणें व्यक्त केला आहे.

१३ जून १५२५ रोजीं त्यानें काटारीना फॉन बोरा या पूर्वाश्रमींच्या जोगिणीशीं लग्न केलें. टोरगाव येथील एका व्यापाऱ्याच्या माशांच्या गाडींतून ती व तिच्या मैत्रिणी १५२३ सालीं मठांतून निसटल्या होत्या. तिनें शेती, पाहुणे, बिद्यार्थी, दारू गाळणें, सर्व प्रपंच संभाळला. १५४२ सालीं मृत्युपत्र करितांना ल्यूथरनें तिच्यावर पालक न नेमतां सर्व मिळकत तिच्या हातीं दिली. तेव्हांचे कायदेपंडित विधवेस पालक पाहिजेच म्हणत; तिला पुढें त्याचा जाच झालाच.

त्याच वर्षीं त्याच्या मताची कसोटी लागली. मुलगी माग्डालेना तेरा वर्षांची होती, ती आजारी पडली. तिचा थोरला भाऊ हान्स टोरगावला शिकत होता. ती त्याची आठवण काढते म्हणून बापानें गाडी पाठवून त्यास आणविलें. बाप खाटेपाशीं गुडघे टेकून प्रार्थना करी. येथल्या बापाजवळ राहावयास आवडेल, तसेंच वरच्या बापाकडे जावयासही आवडेल ना, असें त्यानें तिला विचारलें, आणि तिनें होय म्हटलें. आई त्याच खोलींत दूर बसून रडत होती. २० सप्टेंबर १५४२ रोजीं बापाच्या हातांवर मुलीनें प्राण सोडला. तिच्याकरितां क्षमापत्र घेण्याचें, कोणता जिना चढण्याचें, मिस्सा विकत घेण्याचें या घरीं आतां कारण नव्हतें. तें सर्व त्यानें स्वतःच मोडून टाकलें होतें. मुलगी सुखरूप आहे याविषयीं त्यास संशय नव्हता. परंतु तीन दिवसांनीं त्यानें आपल्या एका मित्रास लिहिलें कीं, आम्हीं देवाचे आभार मानावयास हवेत हें कळतें, पण काळीज फाटतें, ऊर भरून येतो, आणि आभार मानवत नाहींत. आमच्या ऐवजीं तुम्हीं ते माना. ज्या सिद्धांतासाठीं तो बादशहासमोर उभा राहिला त्या सिद्धांताचें आम्हांस जें कांहीं समजलें, तें या पत्रावरून अधिक समजलें. विश्वासानें शोक गेला नाहीं. मात्र तिच्या सद्गतीची काळजी त्या शोकांत नव्हती.

१५४६ च्या हिवाळ्यांत मान्सफेल्डच्या सरदारांचा वारसाहक्काचा तंटा मिटविण्यासाठीं प्रकृति ठीक नसतांही तो आइस्लेबेन येथें गेला. तंटा मिटला. १७ फेब्रुवारीच्या रात्रीं छातींत कळा येऊं लागल्या. शिकविलेल्या मतावर व ख्रिस्तावर कायम राहून मरण पावतां काय, असें जवळच्यांनीं विचारलें, तेव्हां त्यानें स्पष्ट होकार दिला, आणि १८ फेब्रुवारीच्या पहांटेपूर्वीं ज्या गांवीं जन्मला त्याच गांवीं तो वारला. त्याच्या मागें एक चिटोरें सांपडलें. दोन दिवसांपूर्वीं लिहिलेलें, बहुतेक लॅटिन, थोडें जर्मन. पवित्र शास्त्र कोणास पुरतें कळलें असें कधीं होत नाहीं, आपण सर्व याचक आहों, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता. प्रेत विटेनबर्ग येथें नेण्यांत आलें आणि २२ फेब्रुवारी रोजीं, एके काळीं जेथें फ्रेडरिकचे एकोणीस हजार अवशेष दाखविले जात, त्याच चर्चमध्यें व्यासपीठाजवळ पुरण्यांत आलें.